फ्लेक्सवरचा देश

आमच्या घरातला कोणताही निर्णय मी तक्ता केल्याशिवाय होत नाही, आणि तक्ता केल्यावर तर अजिबातच होत नाही.

मी भोरच्या एका शाळेचं कार्यालय सांभाळते. दिवसभर रकाने भरायची सवय संध्याकाळी पर्समध्ये घालून घरी आणते. फ्रीजवर भाजीची यादी, कपाटाच्या दाराला आतून इस्त्रीची यादी, देवघराशेजारी सणांच्या सामानाची यादी. (या शेवटच्या यादीला एका पाहुणीनं चुकून हळदीकुंकू वाहिलं. तेव्हापासून ती बदलायची माझी हिंमत होत नाही.) त्यामुळे माझ्या मुलीला, मुक्ताला, पुढच्या शिक्षणासाठी परदेशातल्या दोन विद्यापीठांनी एकाच आठवड्यात ‘या’ म्हटलं, तेव्हा घरात सर्वांत जास्त आनंद मला झाला. दोन देश! जर्मनी आणि आयर्लंड! उभे रकाने दोन, आडवे मी म्हणेन तितके!

मी कामाला लागले. थंडी किती, डाळ मिळते का, रात्री रस्त्यावर दिवे असतात का, ओळखीचं कोणी आहे का, आजारी पडल्यास मऊ भात कोण करून देईल. प्रत्येकाला गुण.

आमचे हे चष्मा लावून तक्ता बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, “यात ‘मुक्ताला काय हवंय’ हे कुठं आहे?”

“ते शेवटी.”

“शेवटी म्हणजे?”

“जागा उरली तर!”

जागा उरली नाही. जर्मनी भरघोस गुणांनी पहिली आली. मी तक्ता फ्रीजला चिकटवला. मुक्ता रोज त्याच्यासमोर उभं राहून पोहे खायची आणि एक अक्षर बोलायची नाही. मी याचा अर्थ ‘मान्य’ असा घेतला. सरकारी कामात हरकत आली नाही की तो अर्थ घेतातच!

दोन्ही विद्यापीठांना होकार-नकार कळवायची मुदत एकाच रविवारी संध्याकाळी संपत होती. एकदा ‘स्वीकार’चं बटण दाबलं की दुसरा देश गेला तो गेलाच. त्याआधीच्या बुधवारी, मुक्ता आणि हे बाहेर गेलेले असताना, मार्गासनीहून आप्पांचा फोन आला.

आप्पा म्हणजे माझे मोठे दीर. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण आवाज अजून नोकरीतच आहे. फोन कानापासून हातभर लांब धरला तरी घरातल्या सर्वांना ऐकू येतो.

“सुनंदा! रयवारी ग्रामस्थांनी मुक्तीचा सत्कार ठिवलाय! देवळात! शाल, श्रीफळ, समदं! फ्लेक्स टाकायचाय, पोराला मजकूर द्यायचाय. देश कंचा?”

“अहो आप्पा, अजून तसं नक्की...”

“मंग काय ‘कंच्या तरी देशात निवड’ असं छापू व्हय?”

आता खरं म्हणजे इथं मी “मुक्ताला विचारून सांगते” म्हणायला हवं होतं. पण कोरा रकाना मला बघवत नाही. समोर फ्रीजवर तक्ता होता. तक्त्यात जर्मनी होती.

“जर्मनी टाका!” मी म्हणाले, आणि मुक्ताला सांगायचं म्हणून त्याचीही यादीत नोंद केली. भाजी आणि गॅसच्या मध्ये कुठंतरी ती राहून गेली.

रविवारी सकाळी मी गाडीत ठेवायच्या सामानाची यादी तपासत असताना मुक्ता स्वयंपाकघरात आली. अंगावर ठेवणीतला ड्रेस, चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा.

“आई, माझं ठरलं. आयर्लंड.”

माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

“पण तक्ता...”

“तक्ता छान आहे गं. पण मी जे शिकते ते त्यात कुठंच नाही.”

मुक्ता मातीचा अभ्यास करते. डोंगरउतारावरची माती पावसात का आणि कशी सरकते, हा तिचा विषय. हा नाद तिला आप्पांच्या वरच्या खाचरानं लावला. भाताचं ते खाचर डोंगराच्या कुशीला आहे, आणि त्याचा बांध पावसाळ्यात खाली येतो. आप्पा तो पुन्हा घालतात, तो पुन्हा येतो. शाळेच्या सुट्टीत ही पोरगी तिथं काठ्या रोवून चिखल मोजत बसायची. आता आयर्लंडच्या विद्यापीठातल्या एक बाई नेमकं हेच काम करत होत्या, आणि त्यांनी मुक्ताला स्वतः पत्र पाठवून बोलावलं होतं.

“मग दाब की बटण,” हे म्हणाले. “इथं रेंज पण चांगली आहे.”

“नाही बाबा. आधी आप्पांना सांगते, मग दाबते. खाचर त्यांचं आहे.”

माझ्या डोळ्यांसमोर फ्लेक्स होता. मी आप्पांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’! ज्या माणसाचा आवाज संपर्क क्षेत्राच्या बाहेरूनही भोरला ऐकू यावा, तोच माणूस!

“चला, चला, लवकर!” मी सगळ्यांना गाडीत कोंबलं. विचार साधा होता. फ्लेक्सवाला नसरापुरात. फ्लेक्स एकच असणार. तो लागायच्या आत नाव बदलून घ्यायचं. मुक्ताला कळायचं कारणच नाही.

नसरापुरात शिरल्यावर मी ह्यांना म्हणाले, “थांबवा. पेढे घ्यायचेत.”

“पेढे घेतलेत की आपण. तुझ्याच यादीत टिक आहे.”

“अजून घ्यायचेत!”

मिठाईच्या दुकानाला लागूनच फ्लेक्सवाल्याचं दुकान. मी एका दारातून आत शिरल्यासारखं केलं आणि दुसऱ्यात घुसले.

“दादा, मार्गासनीचा तो सत्काराचा फ्लेक्स. त्यावर जर्मनीच्या जागी आयर्लंड करायचंय. आत्ता!”

पोरगा मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, “लावलं की काल, ताई.”

“लावला?”

“लावलं. एक न्हवं काय. हितल्या फाट्यापास्नं पार देवळापतुर. आप्पांनी सांगितलं, पावण्यास्नी वाट चुकाया नगं.”

त्यानं कॉम्प्युटरवर नमुना दाखवला. वर मोठ्या अक्षरांत ‘जर्मनी या देशात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. मध्ये मुक्ताचा दहावीतला, दोन वेण्यांचा फोटो. एका कोपऱ्यात विमान. पाठीमागं आख्खा आयफेल टॉवर!

“अरे, हा टॉवर जर्मनीत नाही!”

“ताई, फॉरेनला आमी ह्योच लावतो. दुबईला बी ह्योच लावलता.”

“बरं, ते राहू दे. नाव तेवढं बदलून दे.”

“पट्टी चिकटवून हुईल. पर आयर्लंड लांबीला जास्त हाय, जर्मनीच्या जागंत बसायचं न्हाई.” त्यानं थोडा विचार केला. “विमान तेच चालंल ना?”

“चालेल! सगळ्या पट्ट्या छापून घे आणि मोटरसायकलवर ये माझ्या मागोमाग!”

मी गाडीत येऊन बसले.

“पेढे?” मुक्तानं विचारलं.

“संपले.”

माझ्या खिडकीबाहेर, दुकानाच्या काचेत, पेढ्यांचा डोंगर रचलेला होता. मुक्तानं डोंगराकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

वेल्ह्याच्या रस्त्याला वळताच पहिला फ्लेक्स दिसला. डाव्या हाताला, घराएवढा.

“मुक्ता! उजवीकडं बघ! बगळे!”

“कुठं?”

“गेले!”

पुढच्या वळणावर दुसरा. तोही डावीकडंच, आणि मुक्ताही डाव्या खिडकीशी.

“मुक्ता, मागं बघ गं, डिकी नीट लागलीय का?”

“आई, काय चाललंय तुझं?”

आमच्या ह्यांना एव्हाना सगळा प्रकार कळला होता. कळलं की ते गाडी हळू चालवतात. नेमकं तेव्हा जोरात चालवायला हवी होती! तिसरा फ्लेक्स समोरून येत होता. म्हणजे फ्लेक्स जागेवरच होता, पण मला तो अंगावर आल्यासारखा वाटला.

“मुक्ता, राजगड! राजगड बघ तिकडं!”

“आई, राजगड या बाजूला आहे,” असं म्हणून मुक्ता वळली, आणि राजगडाच्या बरोबर पुढ्यात तो फ्लेक्स होता.

“बाबा, गाडी थांबवा.”

ती उतरली. कमरेवर हात ठेवून तिनं वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. मी मागं उभी. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. आप्पा गॉगल लावून कानाला मोबाईल धरलेले. आणि त्यांच्या शेजारी, बशीएवढ्या गोलात, मी! ‘मार्गदर्शक : सौ. सुनंदाताई’. फोटो माझ्या व्हॉट्सॲपवरचाच उचललेला; दुकानात टॉवरपुढं माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं.

“आप्पांना जर्मनी कुणी सांगितलं?”

“तसं सांगितलं असं नाही. म्हणजे तक्त्यात...”

“आई.”

“मी.”

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रागावण्यावर काय करायचं याची माझ्याकडं यादी आहे. पण ती गाडीत जाऊन बसली आणि मार्गासनी येईपर्यंत भाताच्या शेतांकडं बघत राहिली.

देवळाच्या मंडपात सतरंज्या टाकल्या होत्या. स्पीकर ‘हॅलो, हॅलो, माईक चेक’ करत होता. सरपंच शाल मांडीवर घेऊन बसलेले. निवृत्त गुरुजींच्या हातात भाषणाचे कागद, आणि सर्वांत वरच्या कागदावर हातानं काढलेला जर्मनीचा नकाशा! मी आप्पांना हाताला धरल्यासारखं करून देवळामागं नेलं.

“आप्पा, घोटाळा झालाय. मुक्ताला आयर्लंडला जायचंय.”

आप्पांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. ते जास्त भयंकर होतं.

“आता? समद्या खोऱ्यात जर्मनी झालीय, सुनंदा!”

“फ्लेक्स बदलू. तो मुलगा पट्ट्या घेऊन येतोय.”

“फ्लेक्स बदलत न्हाई. मागं गावातल्या बाळ्याच्या लग्नाच्या फ्लेक्सवर तारीख चुकली. एक दिस आदुगरची पडली. मंग आमी काय केलं?”

“फ्लेक्स बदलला?”

“लगीन बदललं! भटजींच्या हातापाया पडून आदल्या दिशी लावलं! फ्लेक्सवर आलं म्हंजी गावानं शबुद दिला.”

मी मागं वळले, तर मुक्ता तिथंच उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

“असू दे, आप्पा,” ती म्हणाली. “जर्मनीपण चांगलीच आहे. तुमच्या शब्दाला कमीपणा नको.” आणि तिनं मोबाईल बाहेर काढला.

“मुक्ता, काय करतेस?”

“बटण दाबते. संपवून टाकते एकदाचं.”

तिचं बोट पडद्यावर टेकलं. पडद्यावरचं चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. फिरतच राहिलं. रेंज नव्हती! आयुष्यभर ज्या रेंजच्या नावानं मी बोटं मोडली, तिच्या नसण्याला मी त्या दिवशी देवळामागून हात जोडले.

“वरच्या पायरीवर येती कंदी कंदी,” आप्पा पडेल आवाजात म्हणाले. मुक्ता पायऱ्यांकडं निघाली, आणि तेवढ्यात स्पीकरवरून पुकारा झाला, “सत्कारमूर्तींनी व्यासपीठावर यावं!”

सत्कार सुरू झाला. सरपंचांनी शाल घातली. जाऊबाईंनी, म्हणजे आप्पांच्या मंडळींनी, ओवाळलं आणि लोकरीची कानटोपी दिली. गुरुजी नकाशा उंच धरून जर्मन माणसाच्या वक्तशीरपणावर बोलले आणि दिलेल्या वेळेपेक्षा बरंच जास्त बोलले. प्रत्येक वाक्यागणिक मुक्ताची मान खाली जात होती, आणि संध्याकाळची मुदत माझ्या छातीवर येऊन बसत होती. आप्पा समोर टोपी चुरगाळत बसले होते.

“आता मुक्ताताई जर्मनीबद्दल दोन शब्द सांगतील!” पुन्हा पुकारा झाला.

मुक्ता माईकपाशी गेली. “सर्वांना नमस्कार. मी पुढच्या शिक्षणासाठी जर्म...”

मी कधी उठले, कोणाच्या पायावर पाय दिला, मला आठवत नाही. (सरपंचांच्या. नंतर कळलं.) मी माईक ओढून घेतला. माईक असा किंचाळला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

“मुद्दा पहिला!” मी म्हणाले. “फ्लेक्स चुकलाय. मुद्दा दुसरा. चूक आप्पांची नाही, पोरीची नाही, फ्लेक्सवाल्याची तर नाहीच नाही... म्हणजे टॉवरची आहे, पण ते राहू द्या. जर्मनी मी सांगितलं. पोरीला न विचारता. मुद्दा तिसरा...”

तिसरा मुद्दा नव्हता. आख्खं गाव माझ्याकडं बघत होतं आणि माझा रकाना कोरा होता.

मुक्तानं हळूच माईक माझ्या हातातून घेतला.

“मला आयर्लंडला जायचंय,” ती म्हणाली. “तिथं आपल्यासारखेच डोंगर आहेत आणि पाऊसही फार. तिथं उतारावरची माती कशी धरून ठेवायची ते शिकवतात. आप्पा, तुमचा वरचा बांध पडतो ना, तो का पडतो ते मला तिथंच शिकायला मिळणार आहे. पण गावानं शब्द दिलाय, म्हणून...”

गुरुजींनी नकाशा घडी करून खिशात टाकला. मागून एक म्हातारे म्हणाले, “तिकडं पिकतंय काय?”

“बटाटे, आजोबा.”

“एवढ्या लांब बटाट्यापायी?”

“बटाट्यापायी न्हाई, बांधापायी!” जाऊबाई बसल्या जागेवरून कडाडल्या. “दर साली बांध घालून आमच्या मानसाचं कंबरडं मोडलं, त्यापायी! जाऊ द्या की पोरीला!”

सगळ्यांचे डोळे आप्पांकडं. आप्पा उठले. टोपी झटकली, डोक्यावर बसवली, आणि माईककडं आले. त्यांना माईक लागत नाही, पण धरला.

“मंडळी,” ते म्हणाले, “मी यष्टीत हयात घालवली. गाडीवर पाटी कशी असती? ‘वेल्हे - स्वारगेट, मार्गे नसरापूर.’ गाडी नसरापुरात शिरली म्हणून कंचा पाशिंजर बोंबलतो का, की मला स्वारगेटला जायाचं हुतं?”

“न्हाई!” मंडपातून आवाज आला.

“मंग? आपली लेक जर्मनीलाच जाणार! पर मार्गे आयर्लंड! बांध शिकून झाला, की पुढची गाडी! दोन देश! हाय का खोऱ्यात कुनाची लेक दोन देशाची?”

अशा टाळ्या पडल्या की विचारू नका! गुरुजींनी नकाशा पुन्हा बाहेर काढला. सरपंचांनी, पाय चोळत का होईना, मुक्ताला दुसऱ्यांदा शाल घातली. कारण देश दोन! नेमका तेव्हाच फ्लेक्सवाला पोरगा धापा टाकत आला. त्याच्या पट्ट्या जर्मनीच्या जागी खरंच बसेनात. आप्पा म्हणाले, “कशापायी झाकतूस? खाली चिकटव.” आणि बैलांच्या शिंगांना लावायचा लाल रंग आणून ‘आयर्लंड’च्या आधी त्यांनी स्वतः ‘मार्गे’ लिहिलं. कंसात!

एवढं होईस्तोवर उन्हं कलली होती आणि बटण अजून दाबलंच नव्हतं! देवळाच्या वरच्या पायरीवर रेंज आली आणि गेली. पाण्याच्या टाकीपाशी आलीच नाही. शेवटी आम्ही तिघं गाडीत बसून रस्त्यानं सुसाट निघालो, मुक्ता खिडकीतून मोबाईल बाहेर धरून, मी तिचा दुपट्टा धरून. त्या तिसऱ्या फ्लेक्सपाशी आल्यावर ती ओरडली, “आली! थांबा!”

विमान, आयफेल टॉवर, दोन वेण्या आणि जर्मनी यांच्या खाली उभं राहून तिनं आयर्लंडवर बोट ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं.

“आई, दाबू?”

“मला काय विचारतेस? तुझा रकाना आहे.”

तिनं दाबलं. चक्र फिरलं, थांबलं, आणि पडद्यावर हिरवी खूण आली. हे चष्मा पुसायला लागले. मी डोळे पुसून घेतले आणि बघितलं तर वरून बशीएवढी मी माझ्याकडंच बघून हसत होते. ‘मार्गदर्शक’!

मुक्ता आता आयर्लंडमध्ये चिखल मोजते. खोऱ्यातलं कोणी भेटलं की विचारतं, “पोरगी जर्मनीला पोचली का?” मी सांगते, “गाडी अजून आयर्लंडच्या स्टँडात आहे.” लोकांचं समाधान होतं.

पावसाळ्याआधी आप्पांनी सगळे फ्लेक्स उतरवले आणि त्यातला एक गोठ्यावर टाकला. छापील बाजू आतून. मागं गेले होते तेव्हा मला मुद्दाम दाखवायला नेलं. बरोबर गव्हाणीच्या वर माझा गोल फोटो आला होता, आणि खाली दोन म्हशी माझ्याकडं बघत शांतपणे रवंथ करत होत्या.

“दिसभर मार्गदर्शन घेत्यात बघ तुझं,” आप्पा म्हणाले. “पर ऐकत मातुर काय बी न्हाईत.”

म्हटलं, “आप्पा, त्यांना तक्ता करून देऊ का?”

त्यातली एक म्हैस उठली, माझ्याकडं पाठ करून उभी राहिली आणि शेपटी वर केली.

हरकत आली, अशी मी नोंद घेतली.